बर्फाला लागलेले हातमोजे

८ नोव्हेंबर, शनिवार

गाडी मेली. आणि मरायला जागा कुठली निवडली, तर हॅलोरन. एका बाजूला समुद्राएवढं तळं, बाकी सगळीकडे जंगल, मधे बंद पडलेल्या तांब्याच्या खाणी. मी मॉन्टानाला निघाले होते. तिथे घोड्यांचं काम आहे, असं अलास्कात मासे साफ करताना एका पोराने सांगितलं होतं. पोरगा थापाड्या होता, पण घोड्यांबद्दल कोण कशाला थाप मारेल?

गॅरेजवाल्याचं नाव रेनो. मिशा एवढ्या दाट की पाना हरवला तर आधी तिथे शोधावा. बॉनेट उघडून डॉक्टरसारखा बराच वेळ आत बघत राहिला.

“वॉटर पंप गेलाय. डुलुथहून यावा लागेल.”

“कधी येईल?”

“येईल तेव्हा येईल.” मग हात पुसत म्हणाला, “स्केटिंग येतं?”

“नाही.”

“ओरडता येतं?”

“ते येतं.”

“मग सोमवारी रिंकवर जा. नवा मालक माणूस शोधतोय.”

जेवायला पेस्टी घेतली. तळहाताहून मोठी, कडेला मुरड घातलेली, आत मांस, बटाटा, सलगम. मी वर ग्रेव्ही मागितली तर अख्ख्या दुकानाने वळून बघितलं. काउंटरवरची बाई, लोर्ना नाव तिचं, म्हणाली, “ग्रेव्ही पुलापलीकडचे, शहरातले लोक घालतात. इथे सॉस. पहिल्यांदा आलीस म्हणून सोडते.”

पंप आला की सुटणार.

१० नोव्हेंबर, सोमवार

नोकरी लागली. माझा हुद्दा ‘चाहता आनंद प्रमुख’. शाळा मी अर्धवट सोडली, किंवा शाळेने मला, आणि आता मी प्रमुख.

टीमचं नाव पोर्क्युपाइन्स, म्हणजे साळिंदरं. बर्फावरच्या हॉकीची ही सगळ्यात खालची लीग. आमच्या खाली फक्त गोठलेलं तळं. मालक स्टॅडलरसाहेब शहरातून आलेत, यंदाच टीम विकत घेतली. माणूस वाईट नाही. बूट फार चकचकीत आहेत, एवढंच. लीगने दिलेलं जाडजूड पुस्तक त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. प्रेक्षकांना आनंद कसा द्यायचा ते त्यात आहे. खेळ थांबला की गाणं लावा. टी-शर्ट तोफेतून उडवा. पडद्यावर जोडपी दाखवा आणि मुका घ्यायला सांगा.

“शांतता हा आपला शत्रू आहे, ओपल,” साहेब म्हणाले.

मी म्हटलं, “मारून टाकू.”

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहिला सामना. समोर मिल सिटी हॉर्नेट्स, म्हणजे गांधीलमाशा. लीगमध्ये टीमच मोजक्या, त्यामुळे तीच तीच तोंडं वर्षभर येत राहतात.

माझं सगळं फसलं. तोफेचा टी-शर्ट छताच्या तुळईत अडकला, अजून लटकतोय. मुक्यासाठी पडद्यावर मी जे जोडपं दाखवलं ते भाऊ-बहीण निघाले. गाणं लावलं की सहा नंबरच्या स्टँडमधून आरोळी, “बंद कर गं ते! आम्ही बोलतोय!”

बोलत होती मुम्मू. मुम्मू म्हणजे इथल्या फिनिश लोकांत आजी. खरं नाव आयली, पण ते बहुधा फक्त पोस्टमनला माहीत असेल. अठ्ठ्याहत्तरीची बाई, रिंक उघडला तेव्हापासून गोलच्या मागची तीच खुर्ची. मांडीवर लोकर, मान खाली, सुया चालू, आणि तोंडाचा पट्टाही चालू. पाहुण्यांचा गोली, म्हणजे गोलरक्षक, विन्स्लो तिच्यापासून हातभर अंतरावर, मधे फक्त काच.

“विन्स्लो! अरे पाय किती फाकवतोस! मधून आमची शाळेची बस जाते!”

तो वळलासुद्धा नाही. “तिकीट घ्यायला सांगा, मुम्मू!”

“तिकीट कसलं? स्टॉप आहे का तिथे?”

“तुम्ही हात दाखवला की थांबवतो!”

सगळा स्टँड खिदळला. तेवढ्यात ती काळी रबरी चकती खरंच त्याच्या दिशेने आली आणि त्याने ती अडवली. मग मान वळवून मुम्मूला म्हणाला, “बस चुकली.” मुम्मूने एक टाका टाकला आणि म्हणाली, “पुढची आहे.”

आम्ही शून्यावर हरलो. घरी जाताना लोक चांगले खूश होते. मला काही कळलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रेनो संध्याकाळी रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतो. दुपारी गॅरेजमध्ये गेले, पंपाची चौकशी करायला. फळीवर एक नवाकोरा खोका होता, वर वॉटर पंपाचं चित्र. मी म्हटलं, “हा काय?” तर म्हणाला, “दूधवाल्याच्या गाडीचा.” नशीबवान दूधवाला.

मुम्मू तिथेच शेगडीपाशी बसली होती. रेनोकडे बघून म्हणाली, “दूधवाल्याला अजून घाई नाही ना?” रेनो म्हणाला, “नाही, नाही. निवांत आहे.” या गावात सगळ्यांना दूधवाल्याची काळजी.

मग मुम्मूने माझ्या हातात सुया दिल्या. “हात रिकामे असले की माणूस पळून जातो,” म्हणाली. मी हातमोजा विणायला घेतला. चार बोटं एकत्र, अंगठा वेगळा, एवढं सोपं. तरी माझा अंगठा करंगळीच्या बाजूला आला.

“उसवू?”

“राहू दे. कुठल्यातरी पोराचा अंगठा तिथे असेल.”

२२ नोव्हेंबर, शनिवार

साहेबांनी विचारलंय, ‘लोक इथे का येतात?’ लिहून द्या म्हणाले. म्हणून सामन्याला विचारत फिरले. लोर्ना रिंकवरही पेस्टीचं काउंटर लावते. ती म्हणाली, “कुठे जाणार? अस्वलं झोपलीत.” एक म्हातारा म्हणाला, त्या बचावपटूने सकाळी मला छपराचे खिळे विकले, वाकडे निघाले, आता शिव्या द्यायला आलोय. (आमचे खेळाडू दिवसा नोकऱ्या करतात. तो बोडे हार्डवेअरच्या दुकानात असतो. मध्यंतरात म्हाताऱ्याने खिळे दाखवले, बोडेने सोमवारी बदलून देतो म्हटलं.)

रेनोला विचारलं. तो यंत्रावर बसून विचार करत राहिला, तोवर एक फेरी पूर्ण झाली.

“टीव्हीवर याच्याहून चांगली हॉकी दिसते,” म्हणाला. “पण टीव्हीला ऐकू येत नाही.”

हे मी साहेबांना लिहून दिलं. ते म्हणाले, म्हणजे मोठे स्पीकर हवेत.

आज पुन्हा शून्य. आमच्या पोरांनी गोल कसा असतो ते विसरायला घेतलंय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. मी गाडीत बीन्सचा डबा खाणार होते. मुम्मूने रेनोला पाठवलं, “तिला सांग, बटाटे सोलायला माणूस कमी पडतोय.” गेले तर बटाटे आधीच सोललेले. म्हातारी विसरते हल्ली.

जेवताना हातमोज्यांच्या रात्रीबद्दल कळलं. डिसेंबरात एक सामना असा असतो की आपल्या टीमचा पहिला गोल झाला की अख्खा गाव बर्फावर हातमोजे फेकतो. वर्षभर विणलेले. गोल झाल्यावर बर्फाला टेकलेला मोजा जन्मभर ऊब देतो, बाकीची नुसती लोकर, असं इथे पक्कं मानतात. मग सगळे गोळा करून शाळेच्या दाराशी एका लाकडी खोक्यात ओततात. ज्याचे हात गार, त्याने हात घालावा. डॉक्टरचा पोरगाही घेतो, कारण मोजे सगळेच हरवतात.

“कुणी दिले ते कुणाला माहीत नाही,” मुम्मू म्हणाली. “कुणी घेतले ते कुणी बघत नाही. बर्फावर पडले की सगळे सारखे.”

मला ते जरा खुळ्यासारखं वाटलं. नेऊन दिले तर काय बिघडतं?

१ डिसेंबर, सोमवार

नेऊनच द्यायचेत. साहेबांनी आज फर्मान काढलं.

लीगचा नियम आहे, प्रेक्षकांनी बर्फावर काही फेकलं की घरच्या टीमला दंड, एक खेळाडू दोन मिनिटं बाहेर. तेव्हा यंदा फेकाफेक बंद. त्याऐवजी दाराशी एका विमा कंपनीची पेटी. लोकांनी मोजे त्यात टाकायचे. पहिल्या मध्यंतरात गरजू मुलांना नावं पुकारून बर्फावर बोलवायचं, कंपनीचा माणूस त्यांच्या हातात मोजे घालणार, फोटो निघणार. आणि जो फेकेल त्याची हंगामभराची खुर्ची रद्द.

“चांगलं आहे की,” मी म्हटलं. खरंच वाटलं. मुलांचे फोटो चांगले येतात.

नावं मी पुकारायची.

३ डिसेंबर, बुधवार

लोर्नाने मला पेस्टी दिली नाही.

“शाळेतून फोन आला,” म्हणाली. “टिल्डाला तेरा तारखेला रिंकवर पाठवा. माझ्या पोरीला तिथे उभी करणार? सगळ्या गावासमोर? लोर्नाला मोजे परवडत नाहीत, बघून घ्या म्हणून?”

“अगं, पण तसंही ती खोक्यातून...”

“खोक्यातून सगळेच घेतात!” काउंटरवर तिने असा फडका आपटला की सॉसची बाटली आडवी झाली. “तुला नाही कळायचं. तू कुठेच राहत नाहीस, तुला कोण बघणार?”

पेस्टीशिवाय परत आले. हे वाक्य विसरायचा प्रयत्न करतेय. मॉन्टानातले घोडे कुठल्या रंगाचे असतील?

६ डिसेंबर, शनिवार

मध्यंतरात फर्मान माइकवर वाचलं. ‘सामना चालू असताना कुठलीही वस्तू बर्फावर फेकणाऱ्या प्रेक्षकाची खुर्ची रद्द करण्यात येईल.’ असा गलका झाला की विचारू नका. कुणीतरी ओरडलं, “आनंद प्रमुख, आनंद कुठे आहे गं?”

मुम्मू ओरडली नाही. विणत राहिली. मी खाली गेल्यावर म्हणाली, “चांगलं वाचलंस. स्पष्ट.”

“मुम्मू, तुमची खुर्ची जाईल.”

“खुर्चीचं काय, खुर्ची तर चर्चमध्येही आहे.” मग सुई थांबवून म्हणाली, “तिथे मात्र ओरडू देत नाहीत.”

तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा मला नीट दिसला. ती घाबरली होती. आणि फेकणार होती.

पुन्हा शून्य.

१० डिसेंबर, बुधवार

रेनो म्हणतो, पंप डुलुथहून निघाला, वाटेत बर्फात अडकलाय. मी निघाले असते तर बरं झालं असतं. शनिवारी नावं पुकारायला तरी नको. कागदावर तीन नावं आहेत, तिसरं टिल्डाचं.

माझ्या मोज्यांची जोडी पूर्ण झाली. हिरवी. दुसऱ्याचा अंगठा जागच्या जागी आलाय, त्यामुळे पहिला जास्तच वेडा दिसतो.

१३ डिसेंबर, शनिवार

घाईत लिहितेय. अक्षर लागलं नाही तर नाही.

रिंक गच्च. विम्याच्या पेटीत तळाला एकच मोजा, तोही जोडीविना. बाकी सगळ्यांचे कोट फुगलेले. समोर पुन्हा गांधीलमाशा, गोलमध्ये विन्स्लो.

पहिलं मध्यंतर झालं. बर्फावर गालिचा, गालिच्यावर विमावाला, फोटोवाला, साहेब. मी माइक घेऊन उभी. कागद उघडला. काउंटरमागे लोर्ना दिसली, हात थांबलेला. टिल्डा तिच्यामागे लपलेली, फक्त टोपीचा गोंडा वर.

आणि मला काय झालं ते मला माहीत नाही. मी म्हटलं, “मंडळी! आज या पेटीतून हातमोजे घ्यायला बर्फावर येतंय... ज्याचे ज्याचे हात गार आहेत तो!”

 मग मुम्मू उठली, हातातले मोजे काढले, उघडे हात वर केले. “माझे गार आहेत!”

रेनो यंत्रावरून, “माझे तर गोठलेत!” मग स्टँडच्या स्टँड उठले. डॉक्टर, शाळेच्या बाई, खिळेवाला म्हातारा. दारं उघडून लोक घसरत, पडत, एकमेकांना धरत बर्फावर आले. आमची टीम आली. गांधीलमाशाही आल्या. पंचाने हात वर करून सांगितलं, “माझे जन्मापासून गार आहेत.” टिल्डा त्या गर्दीत कुठे होती, कुणाला दिसली नाही. विमावाल्याने एक मोजा घेऊन कुणाच्या हातात घालावा म्हणून इकडे तिकडे बघितलं, मग रेनोच्या हातात घातला. फोटो निघाला. रेनोच्या मिशा चांगल्या आल्या असतील.

साहेब माझ्या कानाशी म्हणाले, “हे काय होतं?”

“आनंद,” मी म्हटलं.

दुसऱ्या सत्रात बोडेने चकती मारली, गोलमागचा लाल दिवा लागला. गोल! अहो, त्यापुढचं सांगता येत नाही. सगळ्या स्टँडमधून एकदम, लाल, निळे, पिवळे, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे. हवा दिसेना. मुम्मूने पिशवीच उलटी केली. माझी हिरवी जोडी मीही फेकली.

आणि पंचाने दोन्ही हात आडवे हलवले. गोल नाही. बोडेने चकती काठीने नाही, पायाने ढकलली होती.

वर दंडही. आमचा एक खेळाडू दोन मिनिटं दंडाच्या कोंडवाड्यात जाऊन बसला. साहेबांनी माझ्या हातातून माइक हिसकावला, “सहा नंबर स्टँड, तुमच्या सगळ्या खुर्च्या रद्द!”

कुणी ऐकतच नव्हतं. सगळे बर्फाकडे बघत होते. गोल नसताना पडलेले मोजे! म्हणजे वरात दारात, जेवणं उरकलेली, आणि नवरदेव गाडीतच झोपलेला. असं कधी घडलंच नव्हतं.

“कच्चे आहेत!” मुम्मू काचेवर मूठ मारत ओरडली. “पोरांनो, परत द्या! परत फेकायचेत!”

बोडेने फावड्याने एक ढीग उचलला आणि काचेवरून आमच्या अंगावर टाकला. मग सगळी टीम लागली कामाला. विन्स्लोही आपल्या त्या जाड हातांनी मोजे वर भिरकावत होता. स्वतःची जोडी कुणालाच मिळाली नाही. माझ्या मांडीवर एक निळा आणि एक लहान बाळाचा.

पंच म्हणाला, “मी तीस वर्षं शिट्टी वाजवतोय...” आणि वाकून मोजे गोळा करायला लागला.

मग सगळे वाट बघत राहिले. कोट पुन्हा फुगले. पण गोल होईना. दोन फटके दांड्याला लागले, एक विन्स्लोने असा अडवला की मुम्मूने स्वतः टाळी वाजवली आणि मग स्वतःच्याच हातावर चापट मारली. शेवटचा भोंगा. शून्य–तीन.

साहेबांनी माइक परत माझ्या हातात कोंबला. “निरोपाचं गाणं लाव. दिवे मालव. मोजे पेटीत.”

एकही माणूस उठला नाही. एवढी शांतता त्या रिंकमध्ये मी कधी ऐकली नव्हती. साहेब म्हणतात शांतता शत्रू. मला तर वाटलं, अख्खा गाव दम धरून बसलाय.

मी मध्यंतरातल्या नेमबाजीची काठी उचलली. एरवी लोक ती घेऊन मधल्या रेषेवरून फळीतल्या भोकात चकती मारतात. बूट घातलेलेच होते, तशीच बर्फावर गेले. दोनदा आपटले. माइकवर म्हटलं, “हॅलोरनकडून एक खेळाडू बाकी आहे.”

साहेब धावत आले, तेही आपटले. “ओपल! नियम!”

“नियमात ‘सामना चालू असताना’ असं आहे, साहेब. मीच वाचून दाखवलंय. सामना संपला.”

“स्पष्ट वाचला होता!” मुम्मू मागून.

जाळी रिकामी होती. तेवढ्यात आत चाललेला विन्स्लो थांबला, मास्क पुन्हा चढवला आणि येऊन गोलमध्ये उभा राहिला. “रिकाम्या जाळीत गोल कसला? नीट होऊ दे.”

मला असा राग आला! जिंकलास ना, मग जा ना घरी. आता तर मारणारच, म्हटलं.

पहिली चकती कोपऱ्यात गेली. “अगं, गोल इकडे आहे!” खिळेवाला म्हातारा. दुसरी मी अशी मारली, अशी मारली की खांदा अजून दुखतोय. आता ती फार वेगात नव्हती हे मान्य, पण नेम बघा ना! सरळ त्याच्याकडे. माझा आवेश बघून विन्स्लो बिचकला असणार, कारण पाय फाकवून नुसता पुतळ्यासारखा उभा राहिला. चकती दोन्ही पायांच्या मधून, हळूच, आत.

 मग मुम्मूचा आवाज, “बस गेली रे!”

रेनोने लाल दिव्याचा खटका दाबला. आणि पुन्हा आभाळ पडलं.

या वेळी कुणी हात हलवले नाहीत. पंच तर घरी जायचा सोडून टोपी फेकत होता. विन्स्लोच्या मास्कवर एक गुलाबी मोजा अडकला, त्याने तो काढून खाली, बर्फावर नीट टेकवला. मुम्मू रडत होती की हसत होती, काच धुरकट झाल्यामुळे दिसलं नाही.

साहेब म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

“उद्या रविवार आहे,” मी म्हटलं. “तशीही येणार नव्हते.”

१५ डिसेंबर, सोमवार

रेनो सकाळीच आला. पंप बसवला. दूधवाल्याने आपला देऊन टाकला म्हणे, त्याने घोडागाडी घ्यायचं ठरवलंय. दिलदार माणूस, एकदा भेटायला हवं. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

“झालं,” रेनो म्हणाला आणि बुटाकडे बघत बसला.

मी पश्चिमेकडे तोंड करून गाडी लावली. उद्या निघते.

१८ डिसेंबर, गुरुवार

निघाले नाही. मुम्मूने पायमोज्याच्या टाचेचा टाका शिकवायला घेतलाय, तो अर्धवट सोडता येत नाही.

साहेबांनी खरंच सहा नंबर स्टँडच्या सगळ्या खुर्च्या रद्द केल्या. दारावर पाटी लावली.

२० डिसेंबर, शनिवार

पेस्टी घ्यायला गेले. लोर्नाने न विचारता गरम काढून दिली, वर सॉस. टिल्डा काउंटरवर बसून पाय हलवत होती. हातात हिरवे मोजे. एकाचा अंगठा करंगळीकडे.

“हे बघ,” लोर्ना म्हणाली. “खोक्यात ढिगाने चांगले होते, कार्टीने नेमके हे उचलले. कुणा आंधळ्याने विणलेत!”

टिल्डा म्हणाली, “यात दोन अंगठे लपवता येतात.”

तोंडापर्यंत आलं होतं. पेस्टीचा मोठा घास घेतला, जीभ भाजली, आणि म्हटलं, “हो ना. आंधळाच असणार.”

मग रिंकवर गेले, तिकीट काढून. सहा नंबर स्टँड रिकामा, पाटीसकट. सगळे पाच नंबरमध्ये बसले होते. खुर्च्या सहाच्या रद्द झाल्यात, पाचबद्दल साहेब काही बोलले नव्हते. पाच नंबर साहेबांच्या खोलीच्या बरोबर खिडकीखाली आहे, तिथून प्रत्येक शब्द आत ऐकू जातो. मुम्मूने मधली खुर्ची धरली होती, शेजारची माझ्यासाठी. खिडकीत साहेब. बराच वेळ उभे होते. मग काच सरकवून खाली म्हणाले, “गाणं लावू का?”

“नको!” अख्खा स्टँड.

त्यांनी नाही लावलं.

हॉर्नेट्स आले. विन्स्लो गोलकडे जाताना आमच्यासमोरून गेला. मुम्मूने मला कोपर मारलं. “तू म्हण. माझा घसा बसलाय.” तिचा घसा चांगला खणखणीत होता, पण म्हटलं असेल.

मी उठून उभी राहिले. “विन्स्लो! बस येतेय रे! पाय सरळ कर!”

त्याने काठी खांद्यावर टाकली आणि मागे न बघता ओरडला, “हॅलोरनच्या बसला आपलं दार उघडंच!”

स्टँड इतका हसला की मला वाटलं आता छतावरचा टी-शर्ट खाली येतो. मुम्मू डोळे पुसत होती. एवढं काय हसण्यासारखं होतं कळलं नाही. शॉट चांगला होता, तो स्वतःच कबूल करतोय.

बाहेर गाडी पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. रेनो म्हणतो क्लचचा आवाज बरोबर नाही, डुलुथहून काहीतरी मागवावं लागेल. मी म्हटलं, मागव. घाई नाही.